गाळा क्रमांक १३ आणि १४ : आमच्या शाळेच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं आणि शाळेचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. गावात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. गाव म्हणजे आमचं जुनं नाशिक. गंगापूर रोड झाला, इंदिरानगर झालं, तरी इकडच्या पेठांना आम्ही अजून ‘गाव’च म्हणतो आणि गोदावरीला ‘गंगा’.

या शाळेत मी १९६३ साली पहिलीत बसले. १९७४ साली जुनी अकरावी होऊन बाहेर पडले, १९८२ च्या जूनमध्ये शिक्षिका म्हणून परत आले आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला निवृत्त झाले. तेव्हा सिंहस्थ चालू होता. दोनच दिवसांपूर्वी पहिलं शाही स्नान झालेलं, शाळेला सुट्टी आणि वर्गांमधून बंदोबस्ताचे पोलीस उतरलेले. माझा निरोप समारंभ भिंतीला लावलेल्या वळकट्यांच्या साक्षीनं झाला. एका हवालदारानं पेढा घेतला आणि म्हणाला, “मॅडम, आमची शाळा सुटायला अजून तीन वर्षं आहेत.” ही आठवण इथे का काढली, ते पुढे येईल.

आपल्यापैकी तिघे माझे विद्यार्थी आहेत. त्यांना एरवी मी अरेतुरे करते. या पत्रात सगळ्यांनाच ‘आपण’ म्हणणार आहे, कारण विषय घरगुती राहिलेला नाही.

इमारत पाडायला माझा विरोध नाही, हे आधी सांगून टाकते. वरच्या मजल्याच्या सागवानी तुळयांना वाळवी लागून जमाना झाला. जिन्याखालची भिंत आषाढापासून दिवाळीपर्यंत हाताला ओली लागते. सहावी ‘ब’चा तास मी एका पावसाळ्यात चक्क छत्री उघडून घेतलेला आहे, आणि त्या दिवशी वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात जे आलं, ते मंगलोरी कौलं आम्हाला कधीपासून सांगत होती. नवी इमारत हवी, संस्थेकडे पैसा नाही, म्हणून विकासक आणि म्हणून रस्त्याच्या अंगाला गाळे, हा हिशेबही मला कळतो. मराठी माध्यमाच्या शाळेची संचमान्यता, म्हणजे पटावरच्या मुलांवरून मंजूर होणारी शिक्षकांची संख्या, दर वर्षी कशी खाली सरकते, ते मी जवळून बघितलंय. माझ्या वेळी पाचवीच्या तीन तुकड्या भरायच्या. आज एक भरते, तीही ओढूनताणून.

माझी तक्रार नकाशातल्या एका रेघेबद्दल आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी फाटकाजवळच्या फलकावर नव्या इमारतीचा नकाशा लागला होता. तळमजल्यावर, पूर्वेच्या बोळाला लागून, एक चौकोन होता. त्यात लिहिलं होतं : ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा कक्ष’. क्षेत्रफळ अकराशे चौरस फुटांच्या आसपास. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि संध्याकाळी कट्ट्यावरच्या सगळ्यांना आणून दाखवलं. एकानं मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो आहे म्हणून बरं, कारण फेब्रुवारीत दुसरा नकाशा लागला. चौकोन तोच, बोळ तोच. मधोमध एक उभी रेघ, आणि दोन बाजूंना ‘गाळा क्र. १३’ आणि ‘गाळा क्र. १४’.

सूचना नाही, सभा नाही, पत्र नाही. कार्यालयात विचारलं, तर “मॅडम, वरून आलंय” एवढंच उत्तर. आपल्या इमारतीला वर दोनच मजले आहेत आणि दोन्ही मला पाठ आहेत. हे ‘वर’ नेमकं कुठे, ते कळेना. पुढे सभासदांच्या बैठकीत मी उभी राहून प्रश्न केला, तेव्हा तोंडी कारणं मिळाली. त्या कारणांकडे येतेच. आधी ती खोली कोणासाठी होती ते सांगते.

शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीला बाहेरून दगडी कट्टा आहे. संध्याकाळी साडेपाचनंतर तिथे आम्ही आठ-दहा जण बसतो. एक नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, एक सराफ बाजारात आयुष्यभर फुंकणी घेऊन बसलेले कारागीर, एक भूमिअभिलेखातले, ज्यांना मोडी घडाघडा वाचता येते, आणि आम्ही चार-पाच बायका. बहुतेकांची मुलं पाथर्डी फाट्याला, नाहीतर पुण्याला. मुलं वाईट नाहीत. वन बीएचकेत त्यांचंच मावत नाही आणि आमचा पाय वाड्यातून निघत नाही, एवढंच.

आमच्यातली एक बाई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तीन गल्ल्या सोडून वाड्याच्या माडीवर राहते. जिना लाकडी, अंधारा, चढ असा की शिडीच म्हणावी. वरून एक काथ्याची दोरी सोडलेली आहे, ती धरून उतरायचं. दिवसातून दोनदा उतरणं तिला झेपत नाही. मग दूध, रक्तदाबाच्या गोळ्या, मारुतीचं दर्शन आणि कट्टा हे सगळं एकाच फेरीत. कट्ट्यावर ती पाऊण तास बसते, त्याहून जास्त नाही. कारण मी कधी विचारलं नव्हतं. एकदा तिनंच सांगितलं : आसपास बायकांना जाण्यासारखी मुतारी नाही, म्हणून ती दुपारी तीननंतर पाणीच पीत नाही. नाशिकच्या मे महिन्यातही नाही.

त्यात पावसाळ्याचे चार महिने कट्टा ओला. उन्हाळ्यात दगड संध्याकाळी सातपर्यंत तापलेला. म्हणजे बसण्याजोगे महिने हातात उरतात पाच-सहा. बाकीच्या दिवसांत ती बाई कोणाशी बोलते, याचं उत्तर ‘टीव्हीशी’ असं आहे. मीही काही फार वेगळी नाही. माझ्याकडे लिफ्ट आहे आणि पेन्शन आहे, एवढाच फरक.

आता त्या वळकट्यांकडे येते.

आपली शाळा गावासाठी कायम उघडत आली आहे. सिंहस्थात पोलिसांसाठी उघडली. ऑगस्ट २०१६ मध्ये गंगेला पूर आला, तेव्हा काठावरची बिऱ्हाडं आपल्या हॉलमध्ये होती, आणि त्यातली निम्मी माणसं म्हातारी होती. मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा बाकांवर अंतर ठेवून आम्हीच रांगेत बसलो होतो. आणि दर निवडणुकीला तर शाळा उघडतेच.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. आमचं केंद्र चौथीच्या वर्गात होतं. पायऱ्या सात. त्यांच्यावर प्लायवूडच्या फळ्या टाकून उतार केलेला आणि त्याला लाल कापड गुंडाळलेलं. आमच्या गल्लीतल्या एका आजींचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. घरून मतदानाची सोय पंच्याऐंशीच्या पुढच्यांना होती, त्यांना एक वर्ष कमी पडलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन पोरांनी त्यांना त्या फळीवरून आत नेलं. फळी मध्यभागी वाकली तेव्हा आजींनी एका पोराचा कान घट्ट धरला, तो वर्गात पोहोचेपर्यंत सोडला नाही. शाई लावून झाल्यावर त्या तिथेच बाकावर बसून राहिल्या. भिंतीवरचे तक्ते बघितले, ‘क्ष’चं चित्र बघितलं, दोन जुन्या ओळखी भेटल्या त्यांच्याशी बोलल्या. निघताना मला म्हणाल्या, “हे मतदान दर महिन्याला ठेवायला सांग गं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या उचललेल्या होत्या.

गावातल्या माणसाला मी रहाडीबद्दल काय सांगणार! रंगाचा हा हौद वर्षभर रस्त्याखाली गाडलेला असतो, वरून रिक्षा आणि हातगाड्या जातात. रंगपंचमीला माती काढतात, पूजा करतात, रंग भरतात, दिवसभर उड्या. मग पुन्हा फळ्या आणि माती. आम्हा म्हाताऱ्यांसाठी आपली शाळा त्या रहाडीसारखी झाली आहे. फरक इतकाच की रहाड निदान दर वर्षी उघडते.

सरकारनं आमच्यासाठी काहीच केलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००७ चा कायदा आहे. मुलं बघत नसतील तर प्रांताकडे अर्ज करून पोटगी मागता येते, प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा अशी त्यात तरतूद आहे. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण ९ जुलै २०१८ चं आहे, त्यात साठ हे वय धरलंय. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकदा मिळणारे तीन हजार आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट आहे. आमच्यातले नोटप्रेसवाले म्हणतात, एसटीनं मी फुकटात त्र्यंबकला जाईन, पण शंभर पावलांवर कुठे जाऊ? सगळ्या कायद्यांना एक तर टाकून दिलेला म्हातारा दिसतो, नाहीतर आजारी. ज्याला घर आहे, भाकरी आहे, मुलाचा रविवारी फोन येतो, पण संध्याकाळी बसायला चार भिंती आणि एक संडास नाही, तो कोणत्याच कलमात बसत नाही.

आणि अशी माणसं थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती आणि राज्यात साठीपुढच्यांचं प्रमाण ९.९ टक्के. तेच प्रमाण शहराला लावलं तरी दीड लाखाच्या घरात आकडा जातो. तोही पंधरा वर्षांपूर्वीचा. गावातल्या पेठांत तर तरुण निघून गेल्यामुळे काय प्रमाण असेल, ते संध्याकाळी दहीपुलावरून मेनरोडपर्यंत चालत गेलं की डोळ्यांना दिसतं.

आता आपली कारणं. बैठकीत जशी सांगितली गेली त्याच क्रमानं घेते.

१. मुलांची सुरक्षितता.

हे कारण मी हलकं मानत नाही. तेहतीस वर्षं फाटकावर उभं राहून पोरं घरी सोडली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला जे झालं, त्यानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांबद्दल शासनानं सूचना काढल्या. त्या योग्यच आहेत. बाहेरचा कोणीही शाळेच्या आवारात मोकळा फिरता कामा नये, मग तो पंचाहत्तर वर्षांचा का असेना. वय झालं म्हणून माणूस आपोआप भला ठरत नाही, हे आम्हा बायकांना कोणी शिकवायला नको.

पण मग पहिला नकाशा पुन्हा बघा. त्या खोलीचं दार बोळात उघडत होतं. शाळेचं फाटक दक्षिणेला. दोन्हींच्या मध्ये सलग भिंत, आतून एकही दरवाजा नाही. शाळेच्या मुलाची आणि आमची गाठ पडलीच तर रस्त्यावर, जशी आजही पडते. खोलीत येणारी माणसं तीस-चाळीस, सगळी याच पेठांतली, नाव-पत्ता-फोटोसह नोंदवहीत लावता येतील अशी. उलट त्याच जागी दोन गाळे आले, की दिवसाला किती अनोळखी माणसं येतील? गाळ्यात मोबाईलचं दुकान येईल की आणखी कसलं, ते आज कोणालाच ठाऊक नाही. गिऱ्हाईकाची नोंदवही कोणी ठेवत नाही. माल उतरवायला टेम्पो त्याच बोळात लागेल आणि पाचवीची पोरं त्याच्या मागून वाट काढतील. सुरक्षिततेचं कारण देऊन म्हाताऱ्यांची खोली काढली आणि तिथे दुकानं घातली, हे गणित सहावी ‘ब’लाही पटलं नसतं.

२. मुलांची जागा कमी होईल.

बैठकीत एका सदस्यांनी फार कळकळीनं म्हटलं, “आम्हाला मुलांचे वर्ग महत्त्वाचे की म्हाताऱ्यांचे पत्ते?” टाळ्या पडल्या. मी त्या वेळी गप्प बसले, कारण मला दोन्ही नकाशे पुन्हा ताडून बघायचे होते. बघितले. वर्गखोल्यांची संख्या दोन्हींत सारखी. प्रयोगशाळा सारखी. मैदान सारखं, म्हणजे आत्ता आहे त्यापेक्षा दोन्हींत कमीच. बदललं आहे ते फक्त आमच्या चौकोनाचं नाव.

तेव्हा हे भांडण मुलं विरुद्ध म्हातारे असं कृपा करून लावू नका. एका बाजूला एक खोली आहे आणि दुसऱ्या बाजूला दोन गाळे, मुलं या वादात कुठेच नाहीत. मुलांचा एक चौरस फूट जरी जाणार असता तर हे पत्र मी लिहिलं नसतं, उलट विरोधात लिहिलं असतं. मैदान का आक्रसलं, ते मात्र पालकांनी विचारावं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे, गाळे नाहीत.

३. उत्पन्न बुडेल.

बुडेल. खोटं कशाला सांगू? आम्ही महिन्याला वर्गणी काढून वीजबिल आणि झाडलोट भागवू शकतो, गाळ्याचं भाडं नाही. चौदाचे बारा गाळे झाले तर तेवढं डिपॉझिट आणि तेवढं भाडं कमी येणार. माझं म्हणणं एवढंच की ते कमी किती, आणि आलेल्या पैशांतून शाळेवर काय खर्च होणार, हा कागद सभासदांपुढे ठेवा. तो बघून सभासद म्हणाले की शाळा चालवायला तेरा आणि चौदा नंबरशिवाय गत्यंतर नाही, तर मी माझी सही मागे घेईन. आजवर तसा कागद मी बघितलेला नाही.

उतार, कठडे, रुंद दारं यांचा वाढीव खर्चही कोणीतरी पुढे केला होता. शाळेच्या इमारतीत अडथळाविरहित प्रवेश हवा, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पायानं अधू मुलासाठी एकास बाराचा उतार करावाच लागणार आहे. आमच्या दारापुढचा उतार त्याच मापाचा. प्लायवूडची फळी दर निवडणुकीला भाड्यानं आणण्यापेक्षा स्वस्त पडेल.

४. म्हातारे भांडतात, राजकारण करतात, पत्ते कुटतात.

खरं आहे. कट्ट्यावर गेल्या वर्षभरात दोनदा बोलणं बंद झालेलं आहे, त्यातलं एक कारण मी आहे. एक गृहस्थ तंबाखू मळतात आणि भिंतीकडे तोंड करून पिंक टाकतात. त्यांना अंदर येऊ देणार नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. नियमावली लिहून द्या, आम्ही पाळू. न पाळणाऱ्याचं नाव कापा.

याच मुद्द्यावर मला एक कबुलीही द्यायची आहे. १९९८ साली पेठेतल्या बायकांच्या भजनी मंडळानं शनिवारी दुपारी हॉल मागितला होता. शाळा सुटल्यावर, दोन तास. त्या अर्जावर शिक्षक प्रतिनिधी म्हणून माझा शेरा आहे : ‘शालेय शिस्तीस बाधक.’ फाईल असेल अजून दप्तरात. त्या बायका तेव्हा साठी-पासष्टीच्या होत्या आणि मी एक्केचाळीस. टाळांचा आवाज वरच्या वर्गात जाईल, असं काहीतरी मी म्हटलं होतं. शनिवारी दुपारी वरच्या वर्गात कोणी नसायचं. त्यांच्यातली एकही आज नाही, नाहीतर जाऊन माफी मागितली असती. माझ्या शेऱ्याला जर आज कोणी आधार म्हणून पुढे करणार असेल, तर तो मी या पत्रानं मागे घेते.

५. हे महापालिकेचं काम आहे.

असेल. पण गावठाणात मोकळी जागा कुठे आहे ते दाखवा. इथे वाड्याला वाडा लागून आहे, आणि पडका वाडा रिकामा झाला की तिथे चार मजले उभे राहतात. शहराच्या नव्या भागांत बागा आहेत, व्यायामाची हिरवी-पिवळी यंत्रं आहेत. दोरी धरून जिना उतरणाऱ्या बाईला तिथे पोहोचवायला कोण जाणार? या पेठांत सार्वजनिक म्हणावी अशी एवढी मोठी जागा फक्त शाळेची उरली आहे. ती जागाही संस्थेला मिळाली, तेव्हा गावानं वर्गणी दिली होती. माझ्या आजोबांच्या पावतीवर पाच रुपये आहेत.

आणखी एक गोष्ट, जी तक्रार नाही पण मनाला लागली. बैठकीनंतर एका विश्वस्तांनी मला बाजूला घेऊन अगदी प्रेमानं सुचवलं : “बाई, तुम्ही ज्येष्ठ मंडळी मुलांसाठी संस्कारवर्ग घ्या, गोष्टी सांगा, मग मंडळाला पटवणं सोपं जाईल.” सूचना वाईट नव्हती. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या शिकायला जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या जागा प्रौढ शिक्षणासाठी वापराव्यात असं म्हटलेलं आहे. आमचे भूमिअभिलेखवाले मोडी शिकवायला एका पायावर तयार आहेत. कोणी शिकायला आलं तर मीही व्याकरण घेईन.

पण अट म्हणून नाही. आम्ही उपयोगी आहोत हे सिद्ध केल्यावरच आम्हाला बसायला जागा मिळणार असेल, तर ज्याचे हात थरथरतात, ज्याला कालचं आज आठवत नाही, त्यानं काय सिद्ध करायचं? गोष्टी सांगायला येणारी आजी सगळ्यांना हवी असते. नुसती बसून राहणारी, मधूनच तीच हकिकत चौथ्यांदा सांगणारी, डुलकी घेणारी आजी कोणाला नको. खोली तिच्यासाठी मागतेय. तिथे पेपर असावा, पंखा असावा, पाणी असावं, आणि काहीही न करता बसण्याची मुभा असावी.

गावाला याची सवय नाही असं नाही. मे महिन्यात गंगेवर वसंत व्याख्यानमाला भरते, तेव्हा पुढच्या रांगांमध्ये कोण बसलेलं असतं? १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात पेपर उलटताना कोण दिसतं? ज्यांना तिथवर जाता येतं ते जातात. ज्यांना जाता येत नाही, त्यांच्यासाठी शंभर पावलांवरची खोली.

माझ्या मागण्या अशा आहेत. खाली सत्तावीस जणांच्या सह्यांचा कागद वेगळा जोडला आहे, त्यात अकरा पालक आहेत.

पहिली : पूर्वेच्या बोळाकडची तळमजल्यावरची खोली पहिल्या नकाशात होती तेवढी, होती तिथेच परत घाला. पहिल्या मजल्यावर नको, मागच्या बाजूला पार्किंगच्या पलीकडे नको.

दुसरी : खोलीला बोळातून स्वतंत्र दार आणि उतार. आत बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळा, पकडायला दांडी असलेला, कमोडचा संडास. शाळेच्या बाजूला दार, खिडकी, झरोका काहीही नको. दारावर सीसीटीव्ही लावा, आमची हरकत नाही.

तिसरी : विकासकाशी होणाऱ्या करारनाम्यात ही खोली क्षेत्रफळासह लिहा. ‘यथावकाश’, ‘शक्य झाल्यास’ हे शब्द नकोत. विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. गाळ्यांसाठी तो अर्ज जाण्याआधी नकाशा सभासदांच्या सर्वसाधारण सभेपुढे यावा, आणि तिथे मतं मोजली जावीत. टाळ्या नकोत.

चौथी : गाळ्यांच्या उत्पन्नाचा आणि त्याच्या विनियोगाचा कागद सभेच्या नोटिशीबरोबर द्या.

पाचवी : खोलीच्या कारभारासाठी छोटी समिती असावी. तिच्यात मुख्याध्यापक आणि दोन पालक हवेतच. वेळा शाळेनं ठरवाव्यात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनानं २०२४ मध्ये ठरवल्यापासून आपली प्राथमिक शाळा साडेनऊला भरते. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ एवढं आम्हाला पुरे.

सहावी मागणी माझी एकटीची आहे. इमारत पाडताना पूर्वेचा कट्टा सगळ्यात शेवटी पाडा. बांधकामाला दीड वर्ष म्हणताय, म्हणजे तीन धरून चालते. तोवर मुलं पत्र्याच्या शेडमध्ये बसतील, आम्ही निदान दगडावर बसू.

हे पत्र स्पीड पोस्टानं कार्यालयात पाठवलं आहे आणि इतरांनी वाचावं म्हणून उघडही केलं आहे. उत्तर लेखी द्यावं, तोंडी नको. ते रामनवमीच्या आत मिळालं तर बरं, कारण नंतर सुट्ट्या लागतात आणि ‘वरून’ सगळेच महाबळेश्वरला जातात. माझा पत्ता शोधावा लागणार नाही. सेवापुस्तकात १९८२ साली लिहिलेलाच आहे, वाड्याच्या जागी अपार्टमेंट आलं तरी घर क्रमांक बदललेला नाही.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि निवृत्त शिक्षिका
जुने नाशिक